अबोल्याच्या खोलीतला सौदा

महालिंगआप्पा शेट्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्या भावाला कधी सौदा केला नव्हता, आणि कुणी केलाच तर त्या माणसाकडे ते जरा संशयानंच बघत. खरसुंडीच्या बैलबाजारात जन्म घालवलेला हा दलाल. खिलार खोंडाचा जबडा उघडून दात बघायचे, पाठीवर थाप मारायची, चार पावलं चालवून बघायचं, ‘मागचा पाय जरा बाहेर टाकतोय’ म्हणत तोंड वाकडं करायचं आणि मग खांद्यावरचा टॉवेल काढून मालकाच्या हातावर टाकायचा. पुढची बोलणी त्या टॉवेलाखाली, बोटांनी. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती गर्दी जमली तरी कुणाला पत्ता लागत नसे. तोंडानं मात्र दोघंही ‘न्हाय जमत, न्हाय जमत’ म्हणत राहायचे, आणि तसं म्हणता म्हणताच जमायचं.

तर अशा माणसानं आपलं वैद्यकीय इच्छापत्र करायला घेतलं, आणि त्याच्या पोरानं पहिल्याच भावाला सौदा उरकून टाकला.

झालं असं, की दिवाळीनंतर आप्पांना पक्षाघाताचा हलका झटका आला. जीभ जड झाली, डावा हात काही दिवस रुसून बसला, आणि मग सगळं जागच्या जागी आलं. डॉक्टर म्हणाले, हा इशारा समजा. पुढचा झटका येईलच असं नाही, पण आला तर वाचा जाऊ शकते. तुमच्या शेवटच्या आजारपणात काय करायचं आणि काय नाही, ते आत्ताच सांगून ठेवा.

आप्पांना ते पटलं, कारण त्यांनी बाबू पुजाऱ्याला बघितलं होतं. बाबू त्यांचा बाजारातला जोडीदार. तो अतिदक्षता विभागात पडला तेव्हा त्याची दोन पोरं दाराबाहेर एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती. एक म्हणे बापाला यंत्रावर ठेवा, दुसरा म्हणे काढा. आणि ज्याच्या आवाजानं बाजार दणाणायचा तो बाबू आत गप पडून होता. आप्पा भेटायला गेले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि ते दाराकडे लागलेले होते. त्या दिवसापासून आप्पांना मरणाचं फारसं काही वाटेनासं झालं, पण बाबूच्या त्या डोळ्यांची भीती वाटायला लागली. आपलं तोंड बंद झालं तर आपल्या वतीनं कोण बोलणार, आणि काय बोलणार, एवढाच घोर त्यांना लागून राहिला.

म्हणून ते पुण्याला शिवानंदकडे आले. शिवानंद त्यांचा थोरला, पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. शांत, नीटस, वेळेवर बिलं भरणारा माणूस. रविवारी सकाळी त्यानं टॅबलेट पुढं ओढला आणि चष्मा पुसून विचारलं, “आप्पा, पहिला प्रश्न. स्वतःचा श्वास घेता येईनासा झाला, तर व्हेंटिलेटर लावायचा का?”

“न्हाय,” आप्पा म्हणाले.

“गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालून अन्न?”

“नळी न्हाय, यंत्र न्हाय. मला काय बी लावायचं न्हाय. दवाखान्यातच न्यायचं न्हाय. पडू द्या घरात हाय तसं.”

एवढं बोलून आप्पा खुर्चीत मागं टेकले आणि सुखावले. आता खरी बोलणी सुरू होणार होती. शिवानंद म्हणणार, असं कसं आप्पा. आपण म्हणणार, माझं वय झालं. तो म्हणणार, निदान आठ दिवस तरी दवाखान्यात ठेवू. आपण म्हणणार, दोन दिवसांच्या वर एक तास न्हाय. असं करत करत कुठंतरी मध्ये येऊन ठरणार, आणि मग चहा.

“ठीक आहे,” शिवानंद खाली बघत म्हणाला. “तुमची इच्छा.” त्यानं एकेका प्रश्नापुढं ‘नको’वर बोट टेकवलं, प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि उठून बाथरूममध्ये गेला. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. चहा अजून आलासुद्धा नव्हता.

ते बसल्या जागी थिजले. मालकानं सहज ‘फुकट न्या’ म्हणावं आणि गिऱ्हाइकानं खरंच दावं सोडून चालू पडावं, तसं झालं. पोराला इतकी घाई? आपण एवढे जड झालो? वाईट वाटलं, आणि वाटलं तेही सांगायची सोय नव्हती. बोललेला भाव आपणच मागं घेणं ही त्यांच्या धंद्यात नामुष्की. वाढवायचं ते समोरच्यानं. समोरचा तर हात धुऊन बाहेर आला आणि म्हणाला, “नाश्त्याला उपमा चालेल ना?”

“चालंल,” आप्पा म्हणाले. उपम्याच्या बाबतीत घासाघीस करण्याची त्यांना इच्छा राहिली नव्हती.

हे एवढ्यावर मिटलंही असतं, पण कायदा आडवा आला.

नुसतं लिहून सही करायचे दिवस मागं पडले होते. अनुभव असा होता, की माणूस धडधाकट असताना एक लिहितो, खाटेवर पडल्यावर त्याला दुसरं हवं असतं, आणि त्याच्या वतीनं बोलणारा तिसरंच काहीतरी सांगतो. म्हणून आता इच्छापत्र पक्कं होण्याआधी प्रतिनिधीची परीक्षा घेत. सरकारी कागदांत तिचं नाव ‘प्रातिनिधिक वाणी चाचणी’ असं भारदस्त होतं. मिरजेच्या ज्या रुग्णालयात ती होई, तिथल्या त्या खोलीला सगळा जिल्हा अबोल्याची खोली म्हणे.

खोलीत एक आरामखुर्ची आणि एक टोपी. त्या टोपीतून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघत. त्या कवटी ओलांडून मेंदूतल्या नेमक्या ठिकाणी एकवटत: एक ठिकाण शब्द जुळवून ओठांवर आणणारं, दुसरं हातांना आणि चेहऱ्याला हलायचा हुकूम सोडणारं. कुठंही इजा न होता ती ठिकाणं थोडा वेळ सुस्तावत. श्वास चालू, गिळणं चालू, कान शाबूत, स्पर्श शाबूत, विचार तर भरधाव. फक्त बोलता येत नाही, खूण करता येत नाही. झटक्यानंतर माणसाची जी अवस्था होऊ शकते, तिची ही छोटीशी रंगीत तालीम.

टोपीचं दुसरं काम ऐकण्याचं. न पटणारं काही कानावर पडलं, की आपल्या मेंदूत एक बारीक लहर उठते. ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला’ असं कुणी म्हणालं, तर आपण ‘छे’ म्हणायच्या कितीतरी आधी ती उठून गेलेली असते. ती लपवता येत नाही, कारण आपण काही लपवायचं ठरवण्याच्याही आधीची ती असते. तेव्हा माणसाला असं अबोल करून बसवायचं, आणि त्याच्यासमोर त्याच्या प्रतिनिधीला प्रश्न विचारायचे. उत्तर चुकलं की पडद्यावर लहर उठते, बरोबर आलं की रेघ सपाट राहते. पडदा फक्त डॉक्टरांना दिसतो.

या टोपीनं घराघरांत भलतीच खळबळ उडवली होती. इस्लामपूरच्या एका बाईंच्या बाबतीत नवऱ्यापेक्षा शेजारणीची उत्तरं जास्त बरोबर निघाली. ते गृहस्थ तेव्हापासून शेजारणीकडचा चहा घेत नाहीत म्हणतात. एका घरात सासूची अचूक उत्तरं धाकट्या सुनेनं दिली, जिच्याशी सासू धड बोलतसुद्धा नसे. आपल्याला कोण ओळखतं, याचा असा उघड्यावर निकाल लागण्याची कुणालाच सवय नव्हती.

नियम असा, की परीक्षेला किमान दोन उमेदवार हवेत. म्हणून केवळ जागा भरायला गिरिजाला बोलावलं. गिरिजा आप्पांची धाकटी, लग्न होऊन विट्याला दिलेली, तिथं नवऱ्याबरोबर साड्यांचं दुकान चालवणारी. एरवी तिचं नाव आप्पांच्या मनातही आलं नसतं. लेक जिवाभावाची खरी, पण घरातलं मोठं बोलणं मुलानं बोलायचं, हे त्यांनी कधी तपासूनच बघितलं नव्हतं.

ठरल्या दिवशी शिवानंदनं आप्पांना गाडीतून मिरजेला आणलं, तर गिरिजा आधीच येऊन स्वागतकक्षातल्या मुलीशी वाद घालत होती. “बाराची वेळ दिलीय म्हणून काय झालं? खोली मोकळी हाय, डॉक्टर हाईत, म्हातारा माणूस उपाशी हाय. अकराला घ्या.” मुलगी म्हणाली, जमणार नाही. गिरिजा म्हणाली, मग साडेअकरा. साडेअकराला त्यांना आत घेतलं.

डॉ. नाझनीन बारगीर पन्नाशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आप्पांना खुर्चीत बसवलं, टोपी चढवली आणि म्हणाल्या, “आप्पा, घाबरायचं नाही. दुखत काही नाही. अर्ध्या तासानं जीभ आपोआप परत येते. आजवर एकाचीही अडकून राहिलेली नाही.”

“राहिली तर माझ्या सुनंला बरं वाटंल,” आप्पा म्हणाले. त्यांचं ते शेवटचं वाक्य.

सुरुवातीला फक्त टाळूवर मुंग्या आल्यासारखं वाटलं. मग आप्पांनी पाणी मागायचं ठरवलं आणि पाणी हा शब्द त्यांना सापडेना. म्हणजे तो तिथंच होता, दिसत होता, पण उचलायला जावं तर हात पोचत नव्हता. हात खरोखरच मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आप्पा मनातल्या मनात मोठ्यानं ओरडले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. बाबूला असं होत होतं तर.

आधी शिवानंदला आत बोलावलं. तो स्टुलावर बसला, गुडघ्यावर हात ठेवून, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

“तुम्ही आता महालिंग शेटे आहात असं समजून सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. “मोठा झटका आलाय. श्वास घेता येत नाही. डॉक्टर म्हणतात, सुधारण्याची थोडीफार आशा आहे. व्हेंटिलेटर?”

“नको,” शिवानंद म्हणाला.

‘लाव की रं गाढवा,’ आप्पा आतल्या आत म्हणाले, आणि आपण असं म्हणालो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघून काहीतरी टिपलं.

“गिळता येत नाही. नळीनं अन्न द्यायचं?”

“नको.”

“बुद्धी शाबूत आहे, सगळं ऐकू येतंय, पण हालचाल नाही, बोलणं नाही. पुढं न्यूमोनिया झाला तर उपचार करायचे?”

“नको. घरीच राहू द्या.”

प्रत्येक ‘नको’ला आप्पांच्या आत कुणीतरी दाराला धडका देत होतं. हे सगळे शब्द त्यांचेच होते, त्या रविवारी खुर्चीत मागं टेकून फेकलेले. पोरगा ते एकही अक्षर न चुकता परत करत होता. शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे ओळख गेली, परत येण्याची आशा संपली, तर यंत्रं चालू ठेवायची का, यालाही शिवानंद ‘नको’च म्हणाला. तेवढं एक आप्पांना खटकलं नाही. पण ते म्हणताना त्यानं चष्मा काढून पुसला. एका बाजूनं पुसला, मग दुसऱ्या बाजूनं, मग परत पहिल्या. चष्मा तर स्वच्छ होता. आप्पांनी ते पाहिलं आणि त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

मग गिरिजा आत आली. आप्पांचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. तो तिनं उचलला, त्यांच्या उजव्या हातावर पसरला आणि त्याखाली आपला हात सारला.

“त्यांची बोटं हलणार नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या.

“म्हाईत हाय मला. पण मला ह्यांच्यासंगं असंच बोलाय येतं.”

लहानपणी आप्पा तिला बाजारात घेऊन जात असत. आई सतत आजारी, शिवानंदची शाळा चुकवायची नाही, मग पोरीला घरात कुणाजवळ ठेवायचं? ती बैलगाडीत बसून यायची आणि दिवसभर आप्पांच्या धोतराला धरून फिरायची. टॉवेलाखाली काय चाललंय ते बघायला खाली वाकायची, म्हणून आप्पांनीच कौतुकानं तिला बोटं शिकवली होती.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला. गिरिजानं आप्पांच्या तोंडाकडे बघितलं.

“आप्पा नको म्हणतील,” ती म्हणाली.

डॉक्टर लिहू लागल्या, तशी ती पुढं बोलली, “थांबा. नको म्हणतील, पण ते त्यांचं पहिलं बोलणं झालं. ते कुठं धरत्यात का? लावा तुमी यंत्र. एक आठवडा बघा. आठवड्यानं मला सांगा काय फरक पडलाय. पडला असंल तर आणखी ठेवा, न्हाय तर आपण परत बोलाय बसू.”

पडद्यावरची रेघ सपाट होती. आप्पांना ती दिसत नव्हती. त्यांना एवढंच कळलं, की आतल्या धडका थांबल्यात.

“नळी?”

“घाला. पण नुसतं पोट भरून काय उपयोग? ह्यांच्या जिभंला चव लागाय पाहिजे. रोज ठेच्यात बुडवून एक बोट लावा जिभंला.”

“ठेचा चालणार नाही, ठसका लागेल,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग गूळ.”

“गुळाचं पाणी, कापसानं, थेंबभर.”

“झालं ठरलं,” गिरिजा म्हणाली. आप्पांना हसू आलं. ते चेहऱ्यापर्यंत पोचलंच नाही, पण आत भरपूर मावलं.

ऐकू येतंय, कळतंय, पण हालचाल नाही, या प्रश्नाला ती म्हणाली, “कळतंय नव्हं? मग सगळे उपचार करायचे. आणि खुर्चीत बसवून बाजारात न्यायचं. बैल बघत बसतील. कुणी वाईट बैल चांगला म्हणून विकला तर डोळं वटारतील.” बरोबर. अगदी बरोबर. आप्पांनी स्वतःसुद्धा हे इतकं नेमकं सांगितलं नसतं, कारण आपल्याला हे हवंय हे त्यांना आत्ताच कळत होतं.

आणि मग शेवटचा प्रश्न आला. ओळख गेलेली, पोरंसुद्धा ओळखू येत नाहीत, परत येण्याची आशा नाही. यंत्रं चालू ठेवायची?

गिरिजानं टॉवेलाखालची पकड घट्ट केली. आणि आप्पांच्या मनात आता उलटी भीती शिरली. ही पोर कधी काही सोडत नाही. फ्रॉकातली होती तेव्हा एका आजारी वासराचं दावं धरून बसली होती. वासरू गेलं तरी दावं सोडेना, शेवटी तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. ही आपल्यालाही असंच धरून ठेवील. आठवडा म्हणेल, मग महिना म्हणेल, घासाघीस करत राहील, आणि आपण तिकडं नुसतं मांस होऊन पडून राहू. बाबूची पोरं भांडत होती म्हणून बाबू अडकला. आपण मायेपायी अडकू. आप्पांना ओरडावंसं वाटत होतं, सोड गं बाई, तेवढं सोड.

टॉवेलाखाली तिनं त्यांचा अख्खा पंजा धरला होता. पंखा फिरत होता.

“तवा न्हाय,” गिरिजा म्हणाली. “तवा सोडा त्यांना. दुखणार न्हाय एवढं बघा, आनि सोडा.” तिनं टॉवेलाची कड नीट केली. “मला लई वाईट वाटंल. पण ते माझं मी बघंन.”

आणि टॉवेलाखाली तिनं त्यांचं एकेक बोट सावकाश मोकळं केलं. सौदा फिसकटला की हात झटकून काढतात. जमला की असा हळू सोडतात. हे आप्पांनीच तिला शिकवलं होतं.

किती वर्षांनी छातीवरचं काहीतरी उतरलं. आप्पांना मोकळं वाटलं, इतकं मोकळं की आपण हलू शकत नाही हेही ते विसरले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला टोपीची परवानगी लागत नव्हती. गिरिजानं त्याच टॉवेलानं ते पुसलं.

जीभ परत यायला डॉक्टर म्हणाल्या तेवढाच वेळ लागला. टोपी काढली, पाणी प्यायला दिलं, शिवानंदलाही आत बोलावलं. डॉ. बारगीर पडद्याकडे बघत कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

“गिरिजाताईंच्या एकाही उत्तराला लहर नाही. असं मी क्वचितच बघितलंय. पण शिवानंद, तुमची चारातली तीन चुकली. आणि गंमत अशी, की तुम्ही इच्छापत्रातलंच जसंच्या तसं सांगितलंत.” त्या आप्पांकडे वळल्या. “आप्पा, तुम्ही स्वतः सांगितलेलं तुम्हालाच पटत नाही, असं कसं?”

आप्पा ओशाळले. पण जीभ नुकतीच परत मिळाली होती आणि ती वापरायची हौसही होती. “त्याचं असं हाय डॉक्टरीणबाई, ती माझी इच्छा नव्हती. तो माझा भाव होता. पहिला. त्यावर ह्यानं काहीतरी बोलायचं, मग मी बोलायचं, तवा कुठं ठरतं. ह्यानं एका दमात उरकलं.”

डॉक्टर हसायला लागल्या. शिवानंद हसला नाही.

“मला कसं कळणार?” तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण खोलीतलं हसू थांबलं. “गिरूला तुम्ही बाजारात नेलंत. मला कधी नेलंत? ‘तू अभ्यास कर, शेणामुतात तुझं काम न्हाय.’ मी घरात बसून पाढे म्हणायचो. मला तुमचा एकच भाव माहीत आहे आप्पा, तुम्ही सांगाल तो. तुमच्या शब्दाला उलटं बोलायचं नाही, हेच तर शिकवलंत मला.”

“आरं पण इतक्या चटकन? बापाच्या मरणाचा सवाल, आनि तू उपमा विचारतोस.”

“मग काय करायला पाहिजे होतं? तुमच्यासमोर रडायला?” शिवानंदनं परत चष्मा काढला. “बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो मी. तुम्ही म्हणालात काही लावू नका, दवाखान्यात नेऊ नका. मला वाटलं, ही तुमची शेवटची मागणी आहे, आणि मी जर आत्ता ‘असं कसं’ म्हणालो तर तुम्हाला वाटेल की हा एवढंसुद्धा ऐकत नाही.”

आप्पांना तो नळाचा आवाज आठवला. त्या आवाजाचा अर्थ त्यांनी इतके दिवस घाई असा लावला होता. बैलाच्या डोळ्यात बघून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस, आणि पोराच्या चष्म्याला फसला. त्यांनी शिवानंदचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि नुसता धरून ठेवला.

“मला वाटलं, तुला मी जड झालो,” ते अखेर म्हणाले.

“आप्पा, काहीतरीच,” शिवानंद म्हणाला, आणि आता त्यानं नळाचा आधार न घेता डोळे पुसले.

कागद नव्यानं केले. बोलणारी गिरिजा, तिच्या जोडीला शिवानंद, आणि प्रत्येक उत्तराला मुदत आणि अट. डॉक्टर म्हणाल्या, अशी मुदत घालून उपचार करणं हेच खरं शहाणपणाचं, पण लोकांना एक तर सगळं हवं असतं नाही तर काहीच नको असतं. गिरिजानं तेवढ्यात गुळाच्या पाण्याची ओळसुद्धा घालून घेतली. बाहेर पडताना आप्पांनी दोन्ही पोरांकडे बघितलं आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की आता खुशाल गप्प व्हावं. पुढचा झटका आला तर आला. दाराबाहेर बोलणारी माणसं आहेत आणि ती बरोबर बोलतील.

गिरिजा विट्याच्या गाडीत बसली. जाताना तिनं भावाच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, “शिक जरा, दादा.”

शिवानंदनं आप्पांना आपल्या गाडीत बसवलं. वाट फुटायची तिथं त्यानं गाडी बाजूला घेतली. उजवीकडे खरसुंडी, डावीकडे पुणे.

“आप्पा, पुण्याला चला. राहा थोडे दिवस.”

“नको,” आप्पा म्हणाले. “मला तिथं करमत न्हाय. मला गावाला सोड.”

पूर्वी शिवानंद ‘ठीक आहे’ म्हणाला असता आणि गाडी उजवीकडे वळली असती. आताही तो तसं म्हणायला निघाला होता, कारण त्याचं तोंड उघडलेलं आप्पांनी बघितलं. पण मग ते मिटलं. त्यानं इंजिन बंद केलं, आप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, तो दोघांच्या मध्ये धरला आणि त्याखाली चाचपडत आप्पांची बोटं शोधली. धरताना चुकला, मधलीच दोन धरली, मग सोडली आणि तीन धरली.

“तीन आठवडे,” तो म्हणाला.

“तोंडानं बोलायचं न्हाय रं. मग टॉवेल कशाला?”

शिवानंदनं ओठ मिटले. तीन बोटं घट्ट धरून तो समोर रस्त्याकडे बघत बसला, लाजलेला आणि हट्टाला पेटलेला. आप्पांनी जोरात मान हलवली. न्हाय जमत. त्यांनी पोराचं एकच बोट धरलं. शिवानंदनं परत तीन धरली आणि सोडेना.

तीन आठवडे आप्पांना मंजूर होते. खरं तर तो तीन म्हणाला तेव्हाच मंजूर झाले होते. पण लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही, आणि पोराचा हात उबदार होता. आप्पांनी तोंड वाकडं केलं, खिडकीबाहेर बघितलं आणि पुन्हा एक बोट धरलं.